आमेन होईपर्यंत

बुधाजी आढावांना कुणाचं बोलणं मध्येच तोडता येत नसे. भायखळ्याच्या नाक्यावर ते सव्वीस वर्षं ट्रामचे सांधेवाले होते. गाडी आली की तिच्या कपाळावरचा नंबर बघायचा आणि लोखंडी पहारेनं रुळाचं पातं या किंवा त्या अंगाला वळवायचं, हे त्यांचं काम. उन्हात उभ्या असलेल्या या माणसाला पत्ता विचारायला येणारे पुष्कळ. पत्ता सांगून झाला तरी काहीजण तिथंच उभे राहून भावकीचं भांडण किंवा सुनेचं दुखणं सांगत बसत. बुधाजी दोन गाड्या वळवून परत येत आणि "मग पुढं?" म्हणून विचारत. त्यांना ऐकायची हौस होती असं नाही. समोरचा बोलत असताना निघायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

याचं मूळ नगरकडच्या मिशनच्या बोर्डिंगात होतं. तिथं जेवणाआधी प्रार्थना होई आणि ती लांबे. ताटातली भाकरी गार होऊन जाई, पण आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असा नियम. सात वर्षांच्या बुधाजीच्या पायावर एकदा मुंगळा चढला आणि चावून तसाच चिकटून राहिला. पोरानं डोळे उघडले नाहीत. आमेन झाल्यावर गुरुजींनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि रक्ताळलेला पाय दाखवून म्हणाले, "याला म्हणतात भक्ती." ती शाबासकी बुधाजींना पन्नाशी उलटली तरी पुरली होती.

१९५५ च्या नाताळात त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, हट्टानं त्यांना नवे बूट घ्यायला लावले. उजव्या पायाला बूट चावला. मधुमेह चार वर्षांपासून होताच. फोड फुटला, जखम चिघळली आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटं शाईत बुडवल्यासारखी काळी पडली. गुरुवारी, बारा तारखेला, कांताबाई त्यांना परळच्या इस्पितळात घेऊन गेल्या.

डॉक्टर हेरंब दाते वयानं लहान होते, पण बोलत सरळ. "आढाव, तीन बोटं काढावी लागतील. पाऊल राहील. चालाल तुम्ही. आठवडाभर थांबलात तर पाऊलही जाईल, आणि त्याच्यापुढचं मी आज बोलत नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता या. खाट राखून ठेवतो. सही तेव्हा करा."

बुधाजींना बाकावर बसल्या बसल्याच पटलं. ज्या माणसानं वाकून, नाकाला रुमाल न लावता आपला पाय हातात घेतला, तो खरं सांगतोय. परतीच्या वाटेवर ते कांताबाईंना म्हणाले, "सोमवारी जाऊ." कांताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "जाऊ तर जाऊ. तीन बोटांनी काय होतंय. उरतात की सात."

इथपर्यंत सगळं नीट होतं. चूक संध्याकाळी झाली.

घोडपदेवच्या टेकाडाखाली त्यांच्या मंडळीचं पत्र्याच्या छपराचं छोटं प्रार्थनामंदिर होतं. पाळक महिन्यातून दोनदा येत. एरवी सगळा कारभार रघुवीर मास्तर बघत. मिशनच्या शाळेतले शिक्षक, सडसडीत, खिशात कायम दोन पेन्सिली, आणि मनानं अत्यंत भले. बुधाजी त्यांना बातमी द्यायला गेले. आता, या मंडळीत बोलण्याची एक रीत होती. मुलीचं लग्न ठरलं तरी 'ठरलं' म्हणायचं नाही, नोकरी बदलली तरी 'बदलली' म्हणायचं नाही. 'प्रार्थनेत ठेवा' म्हणायचं. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. बुधाजींनी पाय दाखवला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, आणि सवयीनं शेवटी म्हणाले, "देवाची इच्छा काय ती कळावी, एवढं प्रार्थनेत ठेवा, मास्तर."

'मी सोमवारी ऑपरेशन करून घेतोय,' एवढंच म्हणायचं होतं.

रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर मास्तर एक कागद घेऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते. आपले बुधाजीभाऊ मनुष्याच्या सुरीवर विसंबत नाहीत, देवाकडे बघतायत, असं ते म्हणाले. त्यांचा पाय बरा व्हावा म्हणून आजपासून शनिवारपर्यंत प्रार्थनेची साखळी धरायची. सकाळी सात ते संध्याकाळी सात, एकेका तासाची पाळी. सात दिवसांच्या चौऱ्याऐंशी पाळ्या, आणि प्रार्थना करणारे बावीसजण. पुढचा आल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही. साखळी तुटता कामा नये. कागदावर पट्टीनं आखलेले रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात नाव होतं. बावीस माणसं उठून उभी राहिली. कुणी मिलमधली पाळी बदलून घेणार होतं, कुणी पोरं शेजारी ठेवणार होतं.

बुधाजी पहिल्या बाकावर पाय पसरून बसले होते. कांताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत राहिले.

"अहो, सांगा ना त्यांना," घरी येताना जिन्यात त्या म्हणाल्या.

"काय सांगू? एवढी माणसं उभी राहिली."

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तू सांगितलंस तर म्हणतील, आढावबाई विश्वासात कमी."

मंडळी तसंच म्हणेल, हे कांताबाईंनाही ठाऊक होतं.

चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली दहा बाय बाराची. खिडकीखाली बुधाजींची खाट, खाटेपाशी एक चटई. त्या चटईवर माणसं येऊन गुडघे टेकू लागली. कुणी मोठ्यानं बोले, कुणी मनात, कुणी शास्त्रातले उतारे वाचे. तास भरत आला की दारात पुढचा माणूस मंडळीच्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हणून चपला काढी. बुधाजींना कुशीवर वळायलासुद्धा संकोच वाटू लागला. कण्हावं तर प्रार्थना करणाऱ्याला वाटणार, उपयोग होत नाही. शांत पडावं तर त्याला वाटणार, उतार पडला. तेव्हा ते पुष्कळदा डोळे मिटून झोपेचं सोंग करत.

सोमवारी सकाळी कांताबाईंनी पिशवी भरली. टॉवेल, पितळी पेला, इस्पितळाचा कागद. सात ते आठ रघुवीर मास्तरांची पाळी होती. ते चटईवर वाकून, खाटेच्या कडेला कपाळ टेकून बसले होते. पावणेआठ झाले. पिशवी दारामागं होती. बुधाजींनी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्या वेळी मास्तरांनी न बघताच त्यांचा हात हातात घेतला आणि प्रार्थनेतच म्हणाले, "प्रभू, तुझ्या सेवकाचा संयम बघ."

आठ वाजले. मास्तरांनी उठून पायावरची पट्टी हलकेच बाजूला केली. कांताबाईंनी पहाटे मिठाच्या पाण्यानं जखम धुतली होती. "रंग उजळलाय," मास्तर म्हणाले. "वहिनी, तुम्हीच बघा." कांताबाईंनी बघितलं. काळेपणा बोटांच्या मुळाशी आला होता. त्या म्हणाल्या, "मास्तर, चहा घेता?" आणि स्टोव्ह पेटवायला वळल्या. स्टोव्हला त्यांनी इतक्या जोरानं पंप मारला की शेजारचा भिवा दारात डोकावला.

भिवा मालवणकडचा, मिलमध्ये साच्यावर काम करणारा, गॅलरीत विड्या ओढणारा. मास्तर पुढच्याला हाक मारायला जिन्यापर्यंत गेले, तेवढ्यात तो आत आला. "काय रे बुधाजी, तुझो देव बहिरो आसा काय? कालपासून सगळे तेंच तेंच सांगतत."

"तुझ्या गणपतीपुढं भोंगा लावतोस तेव्हा?" बुधाजी म्हणाले.

"तो आमचो गणपती बहिरो नाय. शेजारी बहिरे होतत." मग तो खाटेपाशी आला, पायाकडे बघितलं, आणि त्याचा आवाज बदलला. "बुधाजी, ह्यां बरां दिसना नाय. वास येता."

"शनिवारपर्यंत," बुधाजी म्हणाले. "शनिवारी साखळी पुरी होते. रविवारी जाईन."

त्याच संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. चाळीत कुणाकडे रेडिओ नव्हता, पण खालच्या इराण्याकडचा आवाज गॅलरीपर्यंत येई. मग सगळेच एकदम जिने उतरू लागले.

मंगळवारी गिरण्या बंद पडल्या. मंडळीची माणसं तरीही गल्लीबोळातून येत राहिली. कुणी धापा टाकत येई, कुणाच्या डोळ्यांना अश्रुधुरानं पाणी येत असे. बुधाजी बघत होते. आपल्या पायासाठी ही माणसं लाठ्या चुकवून येतायत, आणि आपण यांना सांगायचं की उगाच आलात? मंगळवारी सकाळी सहज जमलं नसतं ते मंगळवारी संध्याकाळी अशक्य होऊन बसलं. अंगात कणकण होती. काळी रेघ आता पावलावर चढली होती. बुधाजींनी ती एकदा बघितली आणि पुन्हा बघितली नाही.

बुधवारी दोन ते तीन दुर्गाबाईंची पाळी होती. दुर्गाबाई साठीच्या विधवा, माझगावला एका पारशी घरात स्वयंपाकाला. लिहिता-वाचता येत नव्हतं. मास्तरांनी त्यांना मुद्दाम दुपारची, कमी महत्त्वाची म्हणावी अशी वेळ दिली होती. त्यांना एकच प्रार्थना पाठ येई, प्रभूची, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. ती त्या हळूहळू म्हणत आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून धरत. तीन वाजायला आले तेव्हा नाक्याकडून गोळीबाराचे आवाज आले. पाठोपाठ पोलिसांची गाडी संचारबंदी पुकारत गेली. खालचं मोठं दार लावून घेतलं. तीनचा माणूस आला नाही.

"पुढचा आल्याशिवाय उठायचं नाही, असं मास्तरांनी सांगितलंय," दुर्गाबाई म्हणाल्या आणि चटईवर बसून राहिल्या. चार वाजता कांताबाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि भिंतीला टेकून बसवलं.

गुरुवारी संचारबंदी उठलीच नाही. गॅलरीतही उभं राहायची चोरी. दूध नाही, भाजी नाही, स्टोव्हला रॉकेल शेवटचं. खोलीत तिघं. एकाला उठता येत नव्हतं, एकीला घरी जाता येत नव्हतं, आणि तिसरी दारामागच्या भरलेल्या पिशवीकडे बघत होती. ताप चढला होता. बुधाजी मध्येच ट्रामचे नंबर पुटपुटत. चौऱ्याऐंशी रकाने आपल्या छातीवर ठेवलेत आणि ते सगळे भरेपर्यंत हलायचं नाही, असं त्यांना अर्धवट झोपेत वाटत होतं.

दुपारी बाराच्या सुमाराला दुर्गाबाई प्रार्थना म्हणता म्हणता थांबल्या. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' इथवर आल्या होत्या. पुढं जाईनात. कांताबाईंना वाटलं, चक्कर आली.

"भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या, "कालपासून मी तेच म्हणतेय. आता मलाच लाज वाटते. मास्तर म्हणाले पाय बरा होऊ दे म्हणा, म्हणून म्हणतेय. पण तुम्हाला काय हवंय ते मी विचारलंच नाही."

बुधाजींनी डोळे उघडले. पाच दिवसांत बावीस माणसांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं.

"मला जायचंय," ते म्हणाले. "बोटं कापून घ्यायला. मी सोमवारीच जाणार होतो."

कांताबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मग थांबलात कशाला?"

"देवाची इच्छा..." बुधाजींनी सुरुवात केली आणि सोडून दिली. तापातल्या माणसाला खोटं बोलायला श्रम पडतात. "मास्तरांना वाईट वाटेल. सगळ्यांना वाटेल."

दुर्गाबाईंनी पदर सारखा केला. "माझे मालक गेले तेव्हा मीही फार विचारलं, तुझी इच्छा काय म्हणून," त्या म्हणाल्या. "मला आधी कधी कळली नाही बाई. नंतर कळते, तीसुद्धा थोडी थोडी. तुम्हाला आधी कळली तर तुम्ही मास्तरांची वाट बघत बसलात." मग त्यांनी गुडघे टेकले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. बसल्या जागेवरून, बाजारात भाव करावा तशा आवाजात म्हणाल्या, "देवा, यांना पाय कापून घ्यायला धीर दे. रस्ता उघड. आणि रघुवीर मास्तरांना राग येऊ देऊ नको. आमेन."

"आमेन," कांताबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

पण रस्ता त्या दिवशी उघडला नाही. सगळं बोलून झालं होतं, अडवणारं माणूस एकही उरलं नव्हतं, आणि खालचं दार बंद होतं. बुधाजींना हे सगळ्यात जड गेलं. आत्तापर्यंत ते भिडेनं अडकले होते. भिडेतून सुटता येतं, असं कुठंतरी वाटत असे. आता पायातला ठणका मांडीपर्यंत येई, आणि रस्त्यावर बुटांचे आवाज ऐकत पडून राहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी भिवा भिंतीतून बोलावं तसं गॅलरीच्या कोपऱ्यातून म्हणाला, "उद्या सकाळी दोन तास सुटका आसा, म्हणतत. हातगाडी बघून ठेवलंय. तू फक्त मरा नको."

शुक्रवारी आठ वाजता दार उघडलं. भिवा आणि आणखी दोघांनी बुधाजींना सतरंजीत घालून उचललं. अर्धा जिना उतरले आणि खालून रघुवीर मास्तर वर येताना दिसले. दाढी वाढलेली, कोटाचं एक बटण तुटलेलं, हातात तो आखलेला कागद.

जिना अरुंद होता. एकानं मागं सरल्याशिवाय दुसऱ्याला वाट नव्हती.

"बुधाजीभाऊ," मास्तर म्हणाले, "साखळी तुटली. मी दोन दिवस घरातून केली, पण रकाने रिकामे राहिले. आता आठ ते नऊ मी बसतो. कुठं नेताय यांना?"

दुर्गाबाई मागून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगा."

बुधाजींनी सतरंजीची कड घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी वाट मोकळी करायला सांगत होते. "मास्तर, बाजूला व्हा," ते म्हणाले. "मला सही करायचीय."

मास्तर एक क्षण तसेच उभे राहिले. त्यांनी पायाकडे बघितलं. पट्टी अपुरी पडली होती. ते भिंतीला चिकटले आणि वाट दिली. मग खाली येऊन, कुणी न सांगता, हातगाडीच्या मागच्या बाजूला हात लावला. लालबागच्या नाक्यावर रस्ताभर दगड आणि काचा पडल्या होत्या. गाडी अडकली तिथं मास्तरांनी खाली वाकून, त्याच कागदाची गुंडाळी करून काचा बाजूला लोटल्या. एका पोलिसानं हटकलं. भिवानं काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "साहेब, उशीर आम्हीच केलाय. आता तुम्ही करू नका."

डॉक्टर दात्यांनी पट्टी सोडली. "सोमवारी खाट रिकामी ठेवली होती मी," ते म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता. बुधाजींनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, फक्त 'आढाव' मधला शेवटचा 'व' कागदाबाहेर गेला.

ते जगले. दोन महिन्यांनी घरी आले. पहार धरून उन्हात उभं राहायचं काम संपलं. डेपोत बसून गाड्यांचे नंबर लिहून घ्यायचं काम मिळालं, आणि ते त्यांनी पुढं निवृत्तीपर्यंत केलं. कुबड्या घेऊन ते उपासनेला येत. मंडळीत त्या सहा दिवसांचा विषय कुणी काढत नसे. सगळे फार आदरानं वागत, आणि त्या आदरानंही त्यांना कोंडल्यासारखं होई.

एप्रिलात एकदा रघुवीर मास्तर घरी आले. चटई आता गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. मास्तर खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, एक विचारायचंय. तुम्हाला कधी कळलं होतं? की कापून घ्यावं म्हणून?"

"गुरुवारी. डॉक्टरनं सांगितलं तेव्हाच."

"साखळीच्या आधी?"

"आधी."

मास्तरांच्या खिशातल्या पेन्सिली एकमेकींवर वाजल्या. "मग बोलला का नाहीत? मी रोज तुमच्यापासून हातभर अंतरावर बसत होतो."

"तुम्ही डोळे मिटले होते, मास्तर," बुधाजी म्हणाले. "आमेन झालं नव्हतं."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यात कांताबाईंचा हात थांबला. मास्तर गुंडाळलेल्या चटईकडे बघू लागले. मग त्यांनी विचारलं, "अजून दुखतं?"

"पाय नाही दुखत. ती तीन बोटं दुखतात."

"पण ती तर..."

"हो. डॉक्टर म्हणतात असं होतं. नसलेली बोटं दुखतात काही दिवस. अंगठा जास्त."

मास्तरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. "प्रार्थना करू?" ते म्हणाले, आणि मग, या घरात पहिल्यांदाच, "काय मागू?"

बुधाजींनी विचार केला. "ती बोटं दुखायची थांबू देत. एवढंच. आणि प्रार्थना लहान करा."

मास्तरांनी मान हलवली आणि बोलायला लागले. या वेळी डोळे उघडे ठेवायचे, असं बुधाजींनी ठरवलं होतं. पहिलं वाक्य होईपर्यंत ते समोरच्या माणसाच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या वाक्याला त्यांचे डोळे आपोआप मिटले.